सतराची रात्र, अठराचं कार्ड

२ नोव्हेंबर

संपादक साहेबांनी आज अठराचं कार्ड मागितलं. जातायेता, हातात चहाचा कप घेऊन. ‘अहो, त्या सूतगिरणीच्या गोदामाच्या आगीला यंदा पन्नास वर्षं होतायत ना? दिनविशेषात एका ओळीवर नको, अर्धं पान करू. तुमच्या खोक्यात कार्ड असेलच.’

असेलच. चांगलं एकोणीस वर्षं आहे. हे सदर माझ्याकडे आलं तेव्हा आधीच्या गृहस्थांनी खोकंही माझ्या टेबलावर आणून ठेवलं. तीनशे सहासष्ट कप्पे. घटनांची कार्डं पांढरी, जन्माची पिवळी, मृत्यूची करडी. अठरा नोव्हेंबरच्या कप्प्यात त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं आहे: ‘सूतगिरणीच्या गोदामाला आग, चार हमाल ठार. पहारेकरी झोपेत.’ दरवर्षी ते कार्ड उचलते, वाचते आणि मागे सारते. त्याऐवजी अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ स्वीकारली, ते छापते. एकोणीस वर्षं तीच प्रमाणवेळ. वाचकांना वीट आला असेल, पण कोणी तक्रार केलेली नाही.

‘बघते,’ म्हटलं. साहेब पुढे गेल्यावर खोक्याचं झाकण लावलं, तर ते लागेचना.

तो पहारेकरी म्हणजे माझे बाबा. ऑफिसात हे कोणाला माहीत नाही.

३ नोव्हेंबर

लायका कुत्री अवकाशात गेली तो दिवस. दरवर्षी कोणीतरी फोन करून विचारतं, ‘पुढे तिचं काय झालं हो?’ मी दरवर्षी सांगते, मेली. आज जरा जास्तच तोडून सांगितलं असावं. पलीकडच्या बाईंनी फोन आपटला.

रात्रभर तेच डोक्यात. मी सहा वर्षांची होते, ताई दहाची. आग लागली तेव्हा आईबरोबर आम्ही दोघी आजोळी होतो. परत आलो तर बाबा घरी नाहीत, दाराला कुलूप. चौकशी झाली. ठपका बाबांवर. ड्यूटीवर आल्या आल्या झोपला, फेरी मारली नाही, भोंगा उशिरा वाजवला, आत कापसाच्या गाठींवर झोपलेली चार माणसं गेली. नोकरी गेली. सहा महिने आत जाऊन आले. मग जन्मभर लाकडाच्या वखारीत फळ्या वाहिल्या.

आणि नाव पडलं झोप्या. शाळेत मी झोप्याची धाकटी. मास्तरांनी प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही की मागून कोणीतरी घोरायचं. वर्ग हसायचा. मास्तरसुद्धा.

आई जाईपर्यंत एकच म्हणत राहिली, ‘माझा माणूस झोपणारा नाही.’ बाबा मात्र मूग गिळून. हो नाही, नाही नाही. ते खरोखरच झोपत नाहीत. ब्याऐंशीव्या वर्षी रात्री तीन तीन वेळा उठतात, गॅस बंद आहे का बघतात, खिडक्या चाचपतात, पुन्हा आडवे होतात. लहानपणापासून मी हेच बघत आले.

५ नोव्हेंबर

आमच्या पुरवणीबाई उत्साहाने नुसत्या फसफसल्यात. सगळ्या खास पुरवण्या त्यांच्याकडे. यंदा त्यांच्यावर दोन कामं: सतराला त्या मोठ्या नटीचा पन्नासावा वाढदिवस. ती मूळची आपल्याच गावची, म्हणून चार पानं, आणि संध्याकाळी नाट्यगृहात आपल्या पेपरतर्फे सत्कार. शिवाय अठराला आग.

‘मला तो वॉचमन हवाय,’ माझ्या टेबलावर बूड टेकवून म्हणाल्या. ‘जिवंत असला तर सोनंच. म्हातारा चेहरा, सुरकुत्या, खाली मथळा — पन्नास वर्षांनी जाग आली. कसं वाटतं?’

‘चांगलं आहे,’ मी म्हटलं. चांगलं आहे म्हटलं मी. जीभ झडली नाही.

‘कॅलेंडरबाई, तुमच्याकडे नाव असेल की.’

‘कार्डावर नाव नाही.’ हे खरं आहे. जुन्या गृहस्थांनी नाव लिहिलं नव्हतं. देव त्यांचं भलं करो.

६ नोव्हेंबर

बाबांना सांगून टाकलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरं. पेपरात आगीवर येणार आहे, जरा मोठं येणार आहे.

बिस्किट चहात बुडवलेलं तसंच राहिलं आणि तुटून आत पडलं. ते चमच्याने काढत म्हणाले, ‘येऊ दे.’

‘तुमचं नाव येईल.’

‘नाव माझंच आहे.’

असा राग आला. पन्नास वर्षं हा माणूस तोंडाला कुलूप लावून बसलाय आणि शिव्या आम्ही खाल्ल्या. ताईचं लग्न दोनदा मोडलं, माझं ठरलंच नाही. ‘एकदा तरी बोला,’ म्हटलं. ते कपबशी विसळायला उठले.

७ नोव्हेंबर

मादाम क्यूरींचा जन्म. पिवळं कार्ड, कोपऱ्यात पेन्सिलीच्या दोन खुणा. म्हणजे दोन वेगवेगळे पुरावे. दोन खुणा असल्याशिवाय कार्ड छापायचं नाही, हा जुन्या गृहस्थांचा नियम. आगीच्या कार्डावर एकच आहे. मला हे आजच दिसलं! एकोणीस वर्षं मागे सारताना कोपरा कधी बघितलाच नाही.

९ नोव्हेंबर

बर्लिनची भिंत पडली तो दिवस. आज माझ्या टेबलावर काय पडलं ते नीट लिहून ठेवते.

पुरवणीबाईंनी नटीचं कार्ड मागितलं म्हणून सतराच्या कप्प्यातून काढलं. आगीचं साहेबांसाठी अठरातून काढून ठेवलंच होतं. दोन्ही शेजारी शेजारी पडली. हे कधी होत नाही. मी एका दिवशी एकच कप्पा उघडते, सतराची कार्डं आणि अठराची कार्डं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

नटीच्या कार्डामागे मुलाखतीचं एक कात्रण चिकटवलेलं आहे. ती हा किस्सा जिथे जाईल तिथे सांगते, मीसुद्धा दहा वेळा ऐकलाय. ‘मी जन्मले आणि त्याच क्षणी गिरणीचा भोंगा वाजायला लागला. नर्स म्हणाली, पोरगी आली ती गाव उठवूनच आली.’

गिरणी फक्त दिवसा चालायची. रात्री भोंगा वाजला तो एकदाच. आगीचा.

चौकशीत भोंग्याची वेळ ठरली रात्री साडेबारा, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ. म्हणजे अठरा तारीख. नटीचा जन्म सतराचा. मग सतराला जन्मलेल्या पोरीने अठराचा भोंगा ऐकला कसा?

आणि बाबांची ड्यूटी रात्री बाराला सुरू व्हायची.

उठून तोंडावर पाणी मारलं. भोंगा बाराच्या आत वाजला असेल तर आग बाराच्या आतली. तर ती बाबांच्या ड्यूटीत नाही. आधीच्या पाळीवाल्याच्या ड्यूटीत!

कोणाला काही बोलले नाही. नट्या काय, काहीही सांगतात. एका खुणेवर मी नाचणार नाही.

१० नोव्हेंबर

लायब्ररीतून चौकशी अहवालाची प्रत काढली. चोवीस पानं, पिवळी पडलेली. एकोणीस वर्षं त्या कपाटावरून येजा करते, हात लावला नव्हता. बाबांचं नावही त्यात नाही, ‘पहारेकरी क्रमांक दोन’ आहेत. क्रमांक एकची पाळी चार ते बारा. बाराला चार्ज दिला, क्रमांक दोनने घेतला, रजिस्टरवर दोघांच्या सह्या. साडेबाराला भोंगा.

ही साडेबाराची वेळ आली कुठून? दोन पहारेकऱ्यांच्या जबाबातून आणि त्या रजिस्टरमधून. बस. गावात तेव्हा अग्निशामक दल नव्हतं, फोनचं एक्स्चेंज रात्री बंद. माणूस सायकलवर शेजारच्या गावी गेला, बंब आला दीडला. भोंगा नेमका किती वाजता ऐकलात, हे गावात एकाही माणसाला विचारलेलं नाही. चोवीस पानं लिहिली आणि हे विचारलं नाही. माझ्या हाताखाली असता तो अधिकारी तर कार्ड तोंडावर फेकलं असतं.

बाबांचा जबाब अडीच ओळींचा. ‘मी बारा वाजता चार्ज घेतला. मला झोप लागली. जाग आल्यावर भोंगा वाजवला.’

त्यांनी स्वतःच बारा सांगितलं. का? मारून मुटकून घेतला असणार जबाब. दुसरं काय?

११ नोव्हेंबर

ताईला फोन केला. आधी म्हणाली, ‘तुला दुसरे उद्योग नाहीत का गं? झाकलं आहे ते झाकलेलं राहू दे.’ मग भोंग्याचं सांगितलं.

‘आई असायला हवी होती,’ म्हणाली. नंतर नाक पुसल्याचा आवाज. मग लगेच तिचं नेहमीचं, ‘पक्कं कर आधी. नाहीतर पुन्हा हसं.’

१२ नोव्हेंबर

पुरवणीबाईंना गिरणीतला एक जुना जॉबर, म्हणजे मुकादम, सापडला. त्यांचं ते सापडणं सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात चालतं. ‘अहो, त्याला झोप्या म्हणायचे! काय नाव आहे! हेच मथळ्यात घेणार. दोन मुली होत्या त्याला. आणि ऐका तर, धाकटी म्हणे इथेच गावात कुठेतरी नोकरीला आहे. लग्न केलं नाही तिने. उद्यापर्यंत पत्ता काढते.’

मी तेराची कार्डं लावत होते. उलटीसुलटी लागली, पुन्हा लावली. या बाई माझ्यापासून चार हातांवर बसून मला शोधतायत.

‘चेहरा का उतरलाय? बरं नाही का?’

‘पित्त,’ मी म्हटलं.

उद्या सरकारी दवाखान्यात जाऊन नटीच्या जन्माची वेळ बघायचीच. आधी माझं पक्कं व्हायला हवं, नाहीतर त्यांचं होईल.

१३ नोव्हेंबर

सापडलं.

सरकारी दवाखान्याच्या तळघरात रेकॉर्ड रूम आहे. तिथला कारकून तोंडाला रुमाल बांधून बसलेला. सांगितलं, नटीच्या पुरवणीसाठी जन्माच्या नोंदीचा फोटो हवाय. तिचं नाव ऐकून गडी एकदम मऊ झाला. ‘आमची मंडळी तिचं एक काम सोडत नाहीत,’ म्हणाला आणि स्वतः शिडीवर चढला. तीन रजिस्टरं काढली, अकरा वेळा शिंकला.

सतरा नोव्हेंबर. मुलगी. वेळ रात्री अकरा पन्नास. शाई फिकी झालेली, पण आकडा स्वच्छ.

दुसरी खूण मिळाली. इथेच उठून यायला हवं होतं, पण मी ओळ शेवटपर्यंत वाचली. सवय आहे. वडिलांचा व्यवसाय — पहारेकरी, सूतगिरणी. पुढे एक रकाना, ‘बाळ नातेवाइकास दाखवले’. वेळ अकरा पंचावन्न. खाली सही.

ती सही मी तीन दिवसांपूर्वीच बघितली होती. अहवालाला ड्यूटी रजिस्टरच्या पानाची प्रत जोडली आहे, त्यावर. पहारेकरी क्रमांक एक. चार ते बारा.

म्हणजे गोदाम जळत होतं तेव्हा हा दवाखान्यात पोरीचं तोंड बघत होता! जागा सोडून आला होता. मग परत जाऊन बाराला चार्ज दिल्याची सही ठोकली आणि सगळं माझ्या बाबांच्या गळ्यात घातलं. आणि आता नटीचा बाप म्हणून मिरवतोय. पुरवणीबाईंनी सत्काराच्या पहिल्या रांगेत त्याची खुर्ची राखून ठेवलीय, मधली.

त्या एका ओळीचे नऊ फोटो काढले. कारकून म्हणाला, ‘बाई, एवढं काय, वाढदिवसच आहे.’

१४ नोव्हेंबर

बाबांना फोटो दाखवला. मोबाइल लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला. सही बघितल्यावर ओळखलीच. मान हलवली.

‘तुम्हाला माहीत होतं,’ मी म्हटलं. ‘तो नव्हता जागेवर.’

‘पोर होत होतं त्याचं. पहिलं पोर. बाई अडली होती.’

‘आणि तुम्ही सहा महिने आत बसलात!’

‘तारीख आहे ती राहू दे गं.’ हात जोडले त्यांनी माझ्यापुढे. बापाने लेकीपुढे हात जोडले. ‘छापू नकोस. म्हातारा झालाय तो. मी पण झालोय. आता कोणाला काय मिळणार आहे?’

मला मिळणार आहे! ओरडलेच मी. शाळेतल्या त्या घोरण्याचा हिशेब मला हवाय. आईला मिळायला हवा होता. तुम्ही देवमाणूस असाल, मी नाही.

जेवले नाहीत. मी जेवले, रागाने दोन घास जास्तच.

१५ नोव्हेंबर

पुरवणीबाई पत्त्यापर्यंत पोहोचायच्या आत मीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. ‘झोप्याची धाकटी मुलगी म्हणजे मी,’ म्हटलं. इतकं सोपं वाक्य, बोलायला एकोणीस वर्षं लागली.

साहेबांनी पेपरवेट बाजूला सारला. मग पहिला प्रश्न काय विचारावा? ‘म्हणजे एकोणीस वर्षं तुम्ही ही आग गाळलीत?’

‘हो.’

‘तरीच ती प्रमाणवेळ.’ हसले नाहीत. दोन्ही कार्डं, अहवाल, फोटो सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. माणूस पक्का आहे. ‘पुरावे दोन आहेत. तारीख दुरुस्त करायलाच हवी. सतराला छापा, अठराला नाही. पण बाई, हे एका माणसावर शेकणार आहे. तुमच्या वडिलांना विचारलंत? ते काय म्हणतात?’

‘त्यांची हरकत नाही,’ मी म्हटलं.

या सदरात आजवर मी एक तारीख चुकवलेली नाही. आज तोंडावर खोटं बोलले आणि पापणीही हलली नाही.

साहेबांनी पुरवणीबाईंना बोलावून आगीचं पान थांबवलं. बाहेर आल्यावर त्या माझ्याकडे बघेनात. मग येऊन एकदम माझा हात धरला. ‘ते मथळ्याचं बोलले... मला काय माहीत होतं हो.’ डोळे भरले होते त्यांचे. बाई तशी वाईट नाही.

१६ नोव्हेंबर

चार वाजता सतराचा मजकूर दिला. घटनेत पहिली सुएझ कालव्याची, दुसरी ही. वीस वेळा खोडून लिहिली:

‘सूतगिरणीच्या गोदामाला आग, चार हमाल ठार (५० वर्षांपूर्वी, रात्री ११.५०). आजवर ही घटना १८ नोव्हेंबर अशी नोंदली जात होती. दवाखान्याच्या नोंदीनुसार, त्या वेळी ड्यूटीवर असलेला पहारेकरी जागेवर नव्हता. शिक्षा झालेल्या पहारेकऱ्याची पाळी सुरू झालेली नव्हती.’

आणि खाली जन्म, नटीचा, तिच्या फोटोसकट. दोन्हींमध्ये बोटभर अंतर.

पानं जुळवणाऱ्याने विचारलं, ‘एवढी मोठी घटना? तुमचं तर ओळीत मावतं सगळं.’ म्हटलं, हे ओळीत मावणारं नाही.

बाबा दिवसभर दारातल्या खुर्चीत बसून होते. मी आले तर विचारलं, ‘दिलंस?’ मी हो म्हटलं. ते खुर्ची उचलून आत गेले.

१७ नोव्हेंबर

सकाळपासून फोन थांबत नाहीत. लायकाची विचारपूस करणाऱ्या बाईंचासुद्धा आला. ताई रडत होती, हसत होती, पुन्हा रडत होती. ‘चार अंक घेतले,’ म्हणाली. ‘शेजारी पाजारी वाटले.’

संध्याकाळी नाट्यगृहात गेले. बाबांना चला म्हटलं, पण ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सभागृह खचाखच. मी मागे, खांबाजवळ उभी. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर तो. मी मनात जाडजूड, लबाड डोळ्यांचा माणूस रंगवला होता. हा काडीसारखा, मफलर गुंडाळलेला, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून बसलेला. आमच्या बाबांसारखाच दिसत होता अगदी. ते मला आवडलं नाही.

पेपर तिच्यापर्यंत पोहोचला नसावा. नाहीतर तो किस्सा तिने सांगितला नसता. ‘मी जन्मले आणि गिरणीचा भोंगा वाजला...’ दरवेळी इथे हशा येतो. आज कोणी हसलं नाही. मधूनच एक गृहस्थ उठले. साठीचे असतील. मेलेल्या चार हमालांपैकी एकाचा मुलगा, गिरणीचे दोन्ही पहारेकरी ओळखणारा, हे नंतर कळलं. सकाळचा पेपर त्यांच्या हातात होता. म्हणाले, ‘बाई, तेव्हा तुमचे वडील कुठे होते, ते विचारा त्यांना.’

हे मी केलेलं आहे, एवढंच डोक्यात येत होतं.

नटी गोंधळून खाली बघायला लागली. संयोजक धावले. पण म्हातारा काठीवर जोर देऊन उभा राहिला आणि माइक मागितला. आवाज बारीक, पण शब्द स्पष्ट. ‘मी दवाखान्यात होतो. पोर होणार म्हणून जागा सोडून गेलो. मागे कोणी नव्हतं. गोदाम वाऱ्यावर सोडून गेलो. ज्याला शिक्षा झाली, त्याचा काही दोष नव्हता. त्याला झोप्या म्हणायचं आता बंद करा.’ मग त्या हमालाच्या मुलाकडे वळून हात जोडले, आणि बसला.

नटी हारतुऱ्यांसकट पायऱ्या उतरून खाली आली आणि बापाच्या पायाशी जमिनीवर बसली. फोटोवाले तुटून पडले. मी खांबाला धरून हमसाहमशी रडले. आनंदच होता तो. पण त्यात दुसरंही काहीतरी होतं. म्हातारा बोलताना सारखा सभागृहात मागे कोणालातरी शोधत होता.

घरी आले तर बाबांनी दिवा मालवलेला. उद्या सकाळी पहिल्या पानावर येतंय, तेव्हा वाचून दाखवेन.

१८ नोव्हेंबर

वाचून दाखवलं. शब्दन् शब्द. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, ‘तुझ्या हिशेबाने तो दवाखान्यात होता, मी घरी होतो. मग अकरा पन्नासला भोंगा कोणी वाजवला?’

एवढे पुरावे जुळवले, हे एक मला सुचलं नाही.

मग त्यांनीच सांगितलं. संध्याकाळी सहापासून त्याच्या खुर्चीत बाबा बसले होते. ‘जा, बायकोजवळ बस, मी आहे’ असं त्यांनीच सांगून पाठवलं होतं. दिवसा झोप झाली नव्हती, दहाला डोळा लागला, जाग आली ती धुराने. बुडायचं ते एकानेच, म्हणून दोघांनी मिळून वेळ बाराच्या पुढे, बाबांच्या पाळीत ढकलली. ‘काल माझ्यासाठी तो चारचौघांत खोटं बोलला. मागे कोणी नव्हतं म्हणाला. मी होतो.’

आता समोर बसलेत, दाढी करून, धुतलेला शर्ट घालून. उद्याच्या अंकात दुरुस्ती हवी म्हणतात. ते सांगतायत, मी लिहून घेतेय. पहिलं वाक्य ‘मी झोपलो होतो.’ खाली त्यांना स्वतःचं पूर्ण नाव हवंय.